जमीन हलते तेव्हा माणसे काय करतात?

 

आज मी तुम्हांला भूकंपाविषयी चार गोष्टी सांगणार आहे. भूकंप कसा होतो, हे भूगोलाच्या पुस्तकात दिलेले आहे आणि गुरुजी ते वर्गात शिकवतातच. मला बोलायचे आहे ते जमीन हलून गेल्यानंतरच्या पहिल्या तासाविषयी. त्या तासात माणसे कशी वागतात, कोणावर विश्वास ठेवतात, आणि त्यांतले कोणते वागणे जीव वाचवते व कोणते जीव घेते, हा आजचा विषय आहे.

समजा, गाव आपले मावळातले शिरगाव. पावसाळ्याची रात्र आहे. भातलावणी उरकली आहे, माणसे दमून झोपली आहेत. दोनच्या सुमारास फळीवरची भांडी खणखणतात, कौले सरकतात, गोठ्यातली जनावरे दावी ओढू लागतात. दहाबारा सेकंदांत सारे शांत होते. वीज गेलेली असते. माणसे पोरेबाळे घेऊन अंगणात येतात. इतक्यात कोणाच्या तरी मोबाईलवर निरोप येतो, "पवना धरणाला तडा गेला. पाणी सुटलं. पळा!"

आता शिरगावकरांनी काय करावे? कोणी म्हातारीला पाठुंगळी घेऊन निघेल. कोणी म्हणेल, "काही होत नाही, झोपा." कोणी तोच निरोप पाव्हण्यारावळ्यांना धाडून देईल. आणि कोणी मोटारसायकल काढून नदीच्या पुलावर पाणी बघायला जाईल! हे चित्र मी कल्पनेने रंगवले आहे. पण यातली एकेक तऱ्हा कोठे ना कोठे घडून गेलेली आहे. ती कोठे घडली, ते आता पाहू.

पहिले उदाहरण आपल्याच सह्याद्रीतले, कोयनेचे. कोयनेचे धरण सुमारे १०३ मीटर उंच. १९६२ च्या सुमारास त्यात पाणी साठू लागले आणि शिवाजीसागर भरू लागला. तेव्हापासून आसपासच्या गावांना लहान लहान धक्के जाणवू लागले. जमिनीच्या पोटातून गुडगुड आवाज यायचा. १९६७ च्या सप्टेंबरात एक मोठा धक्का बसला. आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास, मुख्य भूकंप झाला. कोयनानगरची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे १८० माणसे गेली, दीड हजारावर जखमी झाली. धक्का पुण्यामुंबईपर्यंत जाणवला. कोयनेची वीज बंद पडली आणि मुंबईचे कारखाने अडले.

अशा पहाटे माणसाच्या मनात पहिला प्रश्न कोणता येईल? धरण शाबूत आहे का? हा प्रश्न वेडगळ मुळीच नव्हता. धरणाच्या भिंतीला भेगा खरोखरच पडल्या होत्या. पण धरण फुटले नव्हते. पुढे त्या भेगा दुरुस्त केल्या आणि भिंतीला मागून भक्कम आधार दिले. म्हणजे "काहीच झाले नाही" म्हणणारा चुकला असता, आणि "धरण फुटले" म्हणणाराही चुकला असता. खरी गोष्ट मध्ये होती: भेगा पडल्या आहेत, भिंत उभी आहे, तपासणी चालू आहे. संकटात बहुतेक वेळा सत्य असेच अर्धेमुर्धे असते, आणि ते तसेच सांगावे लागते.

दुसरी एक गोष्ट ध्यानात घ्या. पाणी साठले तेव्हापासून धक्के सुरू झाले, हे त्या खोऱ्यातल्या माणसांच्या अंगाने अनुभवलेले होते. धरणाच्या पाण्याचा भूकंपाशी संबंध असू शकतो का, यावर शास्त्रज्ञांत बराच वाद झाला. पुढे अभ्यास झाला, आणि आज अशा भूकंपांचे उदाहरण द्यायचे झाले तर जगभर कोयनेचे नाव घेतात. कराडजवळ हजारमाची येथे यासाठी केंद्र सरकारची संशोधन संस्था आहे, आणि कोयनेच्या परिसरात गोठणे येथे तीन किलोमीटर खोल विंधनछिद्र घेतलेले आहे. तेव्हा गावकऱ्याचा अनुभव "अडाण्याची भीती" म्हणून झटकून टाकू नये. प्रश्न विचारणे वेगळे आणि अफवा पसरवणे वेगळे. प्रश्न विचारणारा म्हणतो, "हे असे का होते, सांगा." अफवा पसरवणारा म्हणतो, "असे झाले," आणि त्याने स्वतः काहीच पाहिलेले नसते.

मग अफवा उगवते कशी? शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. नांगरून ओस टाकलेल्या रानात तण माजते. पेरलेल्या रानात ते कमी येते. खबर नसते, ती जागा अफवेची. जीवाची गोष्ट असेल आणि खरी बातमी मिळत नसेल, तर माणूस मिळेल त्या बातमीला धरतो.

पुणे जिल्ह्याला याचा कडू अनुभव आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. आदल्या रात्री लष्कराचे जवान वाळूची पोती रचून बांध वाचवण्याची शर्थ करत होते. पण खाली पुण्यात नदीकाठच्या हजारो घरांना धोक्याची नेमकी कल्पना नव्हती. पाणी आले तेव्हा माणसे कामाला निघालेली, पोरे शाळेत गेलेली. खडकवासल्याचा बांधही फुटला आणि निम्मे शहर पाण्याखाली गेले. खरी खबर वेळेवर मिळाली नाही त्याचे हे फळ. आणि पुढची गोष्ट ऐका. पूर ओसरल्यावरही "पाणी आलं, पळा!" अशी हाकाटी उठली आणि माणसे पुन्हा उंचवट्याकडे धावत सुटली. एकदा फसलेला माणूस खऱ्या खबरीवर उशिरा विश्वास ठेवतो, खोट्या खबरीवर मात्र लगेच. लोकांना माहिती न देण्याची किंमत अशी दोनदा मोजावी लागते.

आता मराठवाड्यात जाऊ. लातूर जिल्ह्यातले किल्लारी. तेथे भूकंप अचानक आला असे आपण म्हणतो. पण १९९२ सालीच किल्लारीच्या परिसरात धक्के बसू लागले होते. ऑक्टोबर १९९२ मध्ये तर घरांना तडे गेले. माणसे भ्याली, घराबाहेर झोपली. पण माणूस किती दिवस उघड्यावर निजणार? थंडी येते, पाऊस येतो, साप-विंचवाचे भय असते, घरात चीजवस्तू असते. हळूहळू भीती बोथट झाली आणि माणसे घरात परतली. त्या वेळच्या नकाशात तो मुलूख भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत कमी धोक्याचा समजला जात होता. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती विसर्जन करून गाव नुकते झोपले होते. चार वाजायला चार मिनिटे कमी असताना जमीन हादरली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर माळवदाचे, मातीच्या थराचे ओझे. घरेच्या घरे आत कोसळली. मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितला जातो.

भीतीची ही दुसरी बाजू झाली. पहिल्या दिवशी ती माणसाला सैरावैरा पळवते, आणि महिन्याभराने मरून जाते. आपल्याला या दोहोंच्या मधले काहीतरी हवे. दर रात्री अंगणात झोपणे कोणालाच जमणार नाही. पण भिंतीला कोपऱ्यांत जोडणारे दगड घालणे, माळवदावरचा मातीचा थर कमी करणे, खिडकीदारांच्या वर एकसंध पट्टा बांधून घेणे, ही कामे एकदा केली की वर्षानुवर्षे पहारा देतात. सवय झाली म्हणून भीती विसरा, पण कामे विसरू नका.

किल्लारीत आणखी एक गोष्ट दिसली. मदत करणारे चहूकडून धावले, हे आपल्या लोकांचे मोठेपण. पण त्यांच्या मागोमाग बघ्यांची झुंबड उडाली. रस्ते अडले, आणि ढिगारे उपसणाऱ्यांना गर्दी आवरण्यात वेळ घालवावा लागला. पुढे २००४ सालच्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत मदतीच्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. तेव्हा मंडळी, संकटाच्या जागी जायचे तर कामाला जावे. पाहायला जाऊ नये. आणि काही पाठवायचे तर आधी "काय लागते?" असे विचारून पाठवावे.

आता जरा दूर, जपानला जाऊ. तेथे ११ मार्च २०११ रोजी तीन संकटे एकामागून एक आली. दुपारी पावणेतीनला समुद्राच्या तळाशी नऊ प्रतीचा भूकंप झाला. मग त्सुनामीच्या, म्हणजे समुद्राच्या प्रचंड, लाटा किनाऱ्यावर चढल्या. सुमारे साडेअठरा हजार माणसे मेली वा बेपत्ता झाली. आणि तिसरे संकट फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात उभे राहिले.

तेथे काय झाले ते साध्या शब्दांत सांगतो. चुलीतली लाकडे बाहेर ओढली तरी निखारे धगधगत राहतात. अणुभट्टीचेही तसेच आहे. भूकंप होताच चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या आपोआप बंद झाल्या. पण बंद झाल्यावरही त्यांतले इंधन तापतच राहते आणि त्यावर सतत पाणी फिरवावे लागते. पाण्याचे पंप विजेवर. बाहेरची वीज भूकंपाने गेली आणि केंद्रातली डिझेलवरची जनित्रे लाटेने बुडवली. ती लाट चौदा-पंधरा मीटर उंच होती, चार मजली घराएवढी. पाणी थांबले, इंधन वितळले, हायड्रोजन वायू साठून इमारतींचे स्फोट झाले आणि किरणोत्सर्गी द्रव्ये हवेत गेली.

भूकंप दिसतो, पाणी दिसते. किरणोत्सर्ग डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. म्हणून त्याची भीती फार, आणि म्हणूनच अशा वेळी खऱ्या माहितीची गरज सर्वांत जास्त. तेथे काय घडले? वारा किरणोत्सर्ग कोणत्या दिशेला नेईल याचे अंदाज सरकारी यंत्रणेकडे तयार होत होते, पण ते लोकांपर्यंत वेळेवर पोचवले गेले नाहीत. केंद्राजवळच्या नामिए गावची बरीच माणसे सुरक्षित म्हणून वायव्येला त्सुशिमा भागात गेली. नंतर कळले की वाऱ्याने तीच दिशा धरली होती! घबराट होऊ नये म्हणून माहिती हातची राखली की काय होते, ते यावरून समजावे.

आणि अफवा? २३ मार्चला तोक्योच्या नळाच्या पाण्यात तान्ह्या मुलांसाठी ठरवलेल्या मर्यादेपेक्षा अधिक किरणोत्सर्गी आयोडीन आढळले. सूचना तान्ह्या बाळांपुरती होती, पण दुकानांतल्या पाण्याच्या बाटल्या सर्वांनीच उचलल्या. इकडे चीनमध्ये मीठ खाल्ल्याने किरणांची बाधा होत नाही, आणि समुद्राचे मीठ आता नासणार, अशी आवई उठली. लोकांनी पोत्यांनी मीठ विकत घेतले. त्यात तथ्य काडीचे नव्हते. आयोडीनच्या गोळ्या असतात हे खरे. त्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचे रक्षण करतात, पण एका विशिष्ट द्रव्यापासूनच, आणि तेही वेळेवर व वैद्यकीय सूचनेने घेतल्या तर. मिठात आयोडीन इतके थोडे असते की तेवढ्या गुणासाठी मीठ किलोंनी खावे लागेल, आणि मग माणूस मिठानेच मरेल!

फुकुशिमाच्या परिसरातून दीड लाखाहून अधिक माणसांना घरे सोडावी लागली. जवळच्यांनी निघणे जरूरच होते. पण तयारी नव्हती. एका रुग्णालयातील आणि त्याच्या वृद्धाश्रमातील चाळीसहून अधिक आजारी माणसे त्या हलवाहलवीत, तासन्‌तास गाडीत, औषधावाचून दगावली. संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात सामान्य रहिवाशांच्या प्रकृतीवर थेट किरणांमुळे झालेल्या दुष्परिणामांची नोंद नाही. मात्र घरदार सुटल्याने, आजाराने आणि खचून जाऊन त्या प्रांतात दोन हजारांवर माणसे गेली. धोका खरा होता, पण धोक्यातून बाहेर पडण्याची रीत आधी ठरलेली नव्हती, याने जास्त जीव घेतले.

शिक्षक मंडळी, आता तुमच्यासाठी दोन शाळांची गोष्ट. इशिनोमाकी शहराजवळ ओकावा नावाची प्राथमिक शाळा होती. भूकंपानंतर मुले पटांगणात ओळीने उभी राहिली. शाळेमागे टेकडी होती. पण कोठे जायचे हे आधी नेमके ठरलेले नव्हते. मोठ्यांची चर्चा सुरू राहिली आणि सुमारे पन्नास मिनिटे गेली. मग पाणी आले. १०८ पैकी ७४ मुले आणि दहा शिक्षक गेले. पुढे न्यायालयाने, पूर्वतयारी नसणे हाच दोष, असा निवाडा दिला.

दुसरी गोष्ट कामाइशी शहराची. तेथे कित्येक वर्षे शाळांत सराव घेत असत. मुलांना तीन गोष्टी शिकवल्या होत्या: नकाशावर अंधविश्वास ठेवू नका, जमेल तेवढा प्रयत्न करा, आणि इतरांची वाट न पाहता स्वतः पुढे निघा. त्या दिवशी पहिला सरकारी इशारा त्या किनाऱ्याला फक्त तीन मीटर लाटेचा होता. तो ऐकून काही थोर माणसे बांधाच्या भरवशावर घरीच थांबली. पण माध्यमिक शाळेची मुले धावत निघाली. शेजारच्या लहान मुलांचे हात त्यांनी धरले. ठरलेल्या जागी पोचल्यावर तीही पुरेशी उंच नाही असे दिसताच आणखी वर चढली. शहरात हजारावर माणसे गेली, पण प्राथमिक आणि माध्यमिक शाळांची जवळजवळ तीन हजार मुले वाचली. दोन्ही गावांची मुले सारखीच हुशार होती. फरक एवढाच की, एका ठिकाणी कोठे जायचे ते आधीच ठाऊक होते.

कोणी म्हणेल, जपान कोठे आणि आपण कोठे? तर आपल्याच पालघर जिल्ह्यात या. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत धक्क्यांची मालिका सुरू झाली. धुंदलवाडीच्या परिसरात आठवड्यात कित्येकदा जमीन हलायची. थंडीच्या दिवसांत माणसे तंबूत झोपली. त्याच जिल्ह्यात तारापूरचे अणुवीज केंद्र आहे. त्याचे पहिले दोन संच १९६९ सालचे, फुकुशिमाच्या भट्ट्यांप्रमाणेच उकळत्या पाण्याच्या जातीचे. तेव्हा लोकांना प्रश्न पडणे साहजिक आहे, आणि त्याचे उत्तर नीट समजावून देणे हे जाणत्यांचे कर्तव्य आहे. पण त्या धक्क्यांत पहिला बळी कोणाचा गेला, ठाऊक आहे? फेब्रुवारी २०१९ मध्ये धक्का बसताच घरातून बाहेर पळताना दोन वर्षांची एक मुलगी पडली आणि डोक्याला मार लागून गेली. घर पडले नव्हते. पळण्याच्या घाईने तो जीव घेतला.

तर मंडळी, आता पुन्हा शिरगावला येऊ. त्या रात्री काय करावे?

पहिले, जमीन हलत असताना धावू नये. जवळचे भक्कम टेबल वा पलंग असेल तर त्याखाली शिरावे, डोके हातांनी वा उशीने झाकावे. घर मातीच्या जड भिंतींचे असेल आणि दार दोन पावलांवर असेल, तरच बाहेर यावे. लहान मुलाला छातीशी धरावे, त्याला ओढत नेऊ नये. हादरा थांबल्यावर मात्र सगळ्यांनी शांतपणे बाहेर यावे, चूल आणि गॅस बंद करावा आणि भिंतींपासून, विजेच्या तारांपासून दूर उभे राहावे. मोठ्या धक्क्यामागून लहान धक्के येतातच.

दुसरे, भूकंपाची वेळ आगाऊ सांगण्याची विद्या जगात कोणाजवळही नाही. "रात्री तीन वाजता मोठा धक्का येणार," असा निरोप आला की तो खोटा, एवढे पक्के धरून चालावे. मग तो कितीही मोठ्या संस्थेच्या नावाने आलेला असो.

तिसरे, धरणाची बातमी आली तर तीन प्रश्न विचारावेत. कोणी सांगितले? त्याने स्वतः पाहिले का? केव्हा? तलाठी, पोलीस पाटील, सरपंच, जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७ आणि आकाशवाणी, यांतल्या कोणाकडून तरी ताडून घ्यावे. आणि ताडेपर्यंत? नदीकाठच्या वस्तीने उंचवट्यावर जाऊन बसावे. अर्धा तास भिजलो म्हणून काही बिघडत नाही. पण तो निरोप दहा जणांना पाठवू नये. स्वतः सावध व्हावे, दुसऱ्याला घाबरवू नये. आणि पुलावर पाणी पाहायला तर मुळीच जाऊ नये.

चौथे, ही सगळी उत्तरे त्या रात्री शोधायची नसतात. आमच्या वस्तीतून उंच जागा कोणती? तिकडे जाणारी वाट अंधारात चालता येते का? अंथरुणाला खिळलेली माणसे कोणकोणत्या घरात आहेत, आणि त्यांना उचलणार कोण? वीज गेली तर देवळावरचा भोंगा वाजेल का, की दवंडीच द्यावी लागेल? ग्रामसभेत एका बैठकीत हे ठरवता येते. गुरुजींनी मुलांकडून गावाचा नकाशा काढून घ्यावा, उंच जागांवर खुणा करवाव्यात आणि वर्षातून दोनदा घंटा वाजवून सराव घ्यावा. मुलगा घरी जाऊन आजोबांना सांगेल, आणि आजोबा नातवाचे ऐकतील.

पाचवे, अधिकारी मंडळींसाठी. लोकांना सगळे सांगा. "घाबरू नका" एवढेच सांगितले की लोक जास्त घाबरतात. भेग पडली असेल तर भेग पडली असे सांगा, आणि पुढची खबर कधी देणार तेही सांगा. ठरल्या वेळी काही नवे नसले, तरी "नवे काही नाही" हे सांगायला या. या एका सवयीने अर्धी अफवा जागच्या जागी विरते.

मंडळी, भीती वाटणे हा दोष नाही. रानात वाघाची चाहूल लागली तर बैलही कान टवकारतो. त्या भीतीला वाट दाखवणारे कोणी असले पाहिजे, आणि ती वाट दिवसाउजेडी पाहून ठेवलेली असली पाहिजे. तेव्हा येत्या ग्रामसभेत एवढा एकच प्रश्न विचारा, "रात्री दोन वाजता जमीन हलली, तर आपण कोठे जमायचे?" त्याचे उत्तर सगळ्या गावाला तोंडपाठ झाले, तर आजचे माझे बोलणे सार्थकी लागले असे समजेन.